परसबागेतील खरबुजाचे निरोगी वेल

उन्हाळ्याच्या दिवसांत खरबूज हे घरातील लहानथोरांच्या आवडीचे फळ आहे. नदीपात्रातील वाळूत, विहिरीच्या मळ्यात आणि अलीकडे ठिबक सिंचनाखालील मोठ्या क्षेत्रात हे पीक घेतले जात असले, तरी घरामागच्या चार आळ्यांतही ते उत्तम येते. न्हाणीचे साधे, साबण नसलेले पाणी, गोठ्यातील कुजलेले शेणखत आणि घरच्या माणसांची रोजची नजर एवढ्या भांडवलावर चैत्र-वैशाखात घरची फळे मिळू शकतात.

परंतु परसबागेतील खरबुजाचा अनुभव पुष्कळ घरी निराशेचा असतो. बी उगवते, वेल पसरतो, पिवळी फुलेही दिसतात आणि एके दिवशी भर दुपारी वेल मान टाकतो. घरातील बाई कळवळून त्याला बादलीभर पाणी घालते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मान टाकतो, ती पुन्हा पाणी घालते आणि आठवड्याच्या आत वेल वाळून जातो. वेल पाण्यावाचून मेला, असे घरचे लोक समजतात. वस्तुतः अनेकदा तो पाण्यानेच मेलेला असतो. कोठे फुले येऊन फळ धरत नाही, तर कोठे धरलेले फळ आतून किडते. या प्रत्येक नुकसानीला निश्चित कारण असते, आणि ते वेळीच ओळखले तर बहुतेक वेळा ते टाळता येते. हे कारण कसे ओळखावे, हेच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर समजावून सांगावयाचे आहे.

जागा व हंगाम

खरबुजाच्या पिकास उष्ण व कोरडी हवा आणि भरपूर ऊन मानवते. दिवसातून किमान सहा ते आठ तास ऊन मिळेल अशीच जागा निवडावी. झाडाच्या सावलीत किंवा भिंतीच्या उत्तरेला लावलेला वेल पानांनी गच्च भरतो, पण फळास गोडी येत नाही. जमीन मध्यम, भुसभुशीत व पाण्याचा चांगला निचरा होणारी असावी. भारी काळ्या जमिनीत आळे खोल करण्याऐवजी वीतभर उंचीचा गादीवाफा किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर बी लावावे. मुळांशी पाणी साचणे हे या पिकाच्या निम्म्या दुखण्यांचे मूळ आहे.

देशावर जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत लागवड करावी. कोकणात भाताच्या कापणीनंतर जमिनीतील ओल पाहून ती याहून लवकर करता येते. बियाच्या उगवणीस २५ ते ३० अंश सेल्सियस उष्णता अनुकूल असते. थंडीच्या रात्री बी जमिनीत पडून कुजते. म्हणून थंडी रेंगाळलेली असल्यास उगाच घाई करू नये, किंवा बी कागदी पेल्यांत लावून घराच्या उबदार भागात उगवून घ्यावे.

आळ्यांची तयारी

दोन ओळींत दीड मीटर व ओळीतील दोन आळ्यांत एक मीटर अंतर ठेवावे. प्रत्येक आळे सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, तेवढेच रुंद व ३० सेंटीमीटर खोल घेऊन आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावे. नंतर वरच्या थरातील मातीत चार ते पाच किलो पूर्ण कुजलेले शेणखत, ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट व १२ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश मिसळून आळे भरून घ्यावे. अर्धवट कुजलेले शेणखत मुळीच वापरू नये. त्यात हुमणी व वाळवी येते आणि त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे करपतात.

मातीतून येणाऱ्या मर रोगास आळा घालण्यासाठी ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीचा वापर हितकारक ठरतो. १० किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्माची भुकटी मिसळावी व ते खत ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-दहा दिवस झाकून ठेवून मग आळ्यांत वाटून घालावे. ही उपाययोजना रोग येण्यापूर्वीची आहे. वेल मरू लागल्यावर तिचा उपयोग होत नाही.

बियाणे

परसबागेसाठी पुसा शरबती, हरा मधु, अर्का राजहंस, अर्का जीत यांसारखे सुधारित वाण घेता येतात. अर्का जीतची फळे लहान असून लहान कुटुंबास सोयीची पडतात. अर्का राजहंस हा वाण भुरी रोगास काही प्रमाणात दाद देत नाही. बाजारातील संकरित वाणही चांगले येतात. मात्र त्यांच्या फळातील बी पुढील वर्षी लावल्यास तशीच फळे मिळत नाहीत.

बियाण्याबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खरबुजाशेजारी काकडी लावली तर खरबूज बेचव होते, असे पुष्कळ लोक मानतात. हे खरे नाही. काकडी ही निराळी जात असल्याने तिचा खरबुजाशी संकर होतच नाही. चिबूड व वाळूक मात्र खरबुजाचीच भावंडे आहेत व त्यांचा खरबुजाशी सहज संकर होतो. तरीही या संकराने त्या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही, कारण गर हा मातृवेलाचाच असतो. संकराचा परिणाम बियात उतरतो व तो पुढील वर्षीच्या वेलावर दिसतो. म्हणून ज्यांना घरचे बी राखावयाचे आहे, त्यांनी जवळपास चिबूड किंवा वाळूक लावू नये.

पेरणी व रोपांची निगा

बी रात्रभर पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवावे. मोड दिसू लागताच दर आळ्यात चार बिया, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा थोड्या अधिक म्हणजे सुमारे दोन सेंटीमीटर खोलीवर लावाव्यात. उगवण पाच ते आठ दिवसांत होते. दोन खरी पाने आल्यावर दर आळ्यात दोन जोमदार रोपे ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापावीत. ती उपटल्यास राखावयाच्या रोपांची मुळे हलतात.

खरबुजाची मुळे दुखावलेली त्यास खपत नाहीत. म्हणून पेल्यांत वाढविलेली रोपे दोन खऱ्या पानांवर असतानाच, मातीचा गोळा न फोडता, सायंकाळच्या वेळी लावावीत. याहून मोठी व वेल धरलेली रोपे लावण्यात हशील नाही.

उगवणीनंतरचे पहिले तीन आठवडे सर्वांत नाजूक असतात. याच काळात तांबडे भुंगेरे कोवळ्या दलपत्रांना गोल भोके पाडतात व दोन दिवसांत रोप संपवितात. यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळे पोखरतात. सकाळच्या गारव्यात भुंगेरे सुस्त असतात; त्या वेळी ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. रोपांवर कामट्यांच्या आधाराने जुन्या मच्छरदाणीचे कापड ताणून कडा मातीने दाबल्या, तर भुंगेऱ्यांबरोबर मावा व पांढरी माशी यांपासूनही रक्षण होते. फुले दिसू लागताच हे कापड काढावे. नाहीतर मधमाश्यांना वाट राहत नाही.

वरखते, शेंडा खुडणे व आच्छादन

दर आळ्यास १० ग्रॅम युरिया याप्रमाणे तीन हप्ते, लागवडीनंतर १५, ३० व ४५ दिवसांनी, खोडापासून वीतभर अंतरावर रिंगण करून द्यावेत व लगेच पाणी द्यावे. फळे पोसू लागल्यावर युरिया देऊ नये. त्या वेळी दिलेल्या नत्राने पाने वाढतात व गोडी घटते.

खरबुजाची फळे मुख्यतः बाजूच्या फांद्यांवर धरतात. म्हणून मुख्य वेलास पाच-सहा पाने आल्यावर त्याचा शेंडा खुडावा व तीन जोमदार फांद्या चारी दिशांनी मोकळ्या जागेत वळवाव्यात. पाने ओली असताना हे काम करू नये. कलिंगडास ही रीत लावण्याची गरज नाही, कारण त्याची फळे मुख्य वेलावरही धरतात.

जमिनीवर वाळलेल्या गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे जाडीचे आच्छादन करावे. ओल टिकते, तण दबते आणि फळ ओल्या मातीस टेकत नाही. खोडाभोवती मात्र चार बोटे जागा उघडी राखावी.

वेल मान टाकतो तेव्हा

परसबागेतील खरबुजाची सर्वांत मोठी हानी मान टाकण्याचे कारण न ओळखल्याने होते. पाणी देण्यापूर्वी वेल दोनदा पाहावा: एकदा सूर्यास्तानंतर व एकदा सकाळी उन्हे चढण्यापूर्वी. त्याबरोबरच बोटाची दोन पेरे आळ्यातील मातीत खुपसून ओल तपासावी. या दोन परीक्षांवरून पुढील निर्णय घेता येतो.

१. वेल दुपारी मान टाकतो, पण सायंकाळी पुन्हा ताठ होतो व माती ओलसर आहे. हा उन्हाचा परिणाम आहे. मोठ्या पानांतून जितके पाणी उडून जाते, तितके मुळांना त्या घटकेस पुरविता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाणी देऊ नये.

२. वेल सकाळीही मलूल आहे व बोटास माती कोरडी लागते. वेलास तहान लागली आहे. सकाळीच सावकाश, आळे पूर्ण भिजेल असे पाणी द्यावे.

३. वेल सकाळीही मलूल आहे, पण माती ओली आहे. दोष मुळांत किंवा खोडात आहे. येथे पाणी म्हणजे विष होय. कुजू लागलेल्या मुळांना हवेची गरज असते. आणखी पाण्याने उरलेली हवाही निघून जाते.

तिसऱ्या प्रकारात एक वेल मुळासकट उकरून तपासावा. मुळे कुरतडलेली व जवळ पांढुरकी अळी असल्यास तो तांबड्या भुंगेऱ्यांचा उपद्रव होय. मुळांवर गाठी असल्यास सूत्रकृमी आहेत. मात्र कडधान्याच्या मुळांवरील उपयुक्त गाठींशी यांची गल्लत करू नये. खरबुजाच्या मुळांवर चांगली गाठ नसते. खोड तिरके कापल्यावर आतील शिरा तपकिरी दिसल्या, तर तो मर रोग होय. खोडाचा जमिनीलगतचा भाग मऊ पडून कुजला असेल, तर पाणी फार झाले असे समजावे.

मर झालेल्या वेलावर औषध नाही. तो पिशवीत भरून बागेबाहेर न्यावा व नष्ट करावा. खताच्या खड्ड्यात टाकू नये. ही बुरशी मातीत अनेक वर्षे टिकते. त्या जागी किमान चार वर्षे खरबूज, कलिंगड, काकडी, दुधी, दोडका यांपैकी कोणताही वेल न लावता मेथी, पालक, कांदा, मुळा अशी पिके घ्यावीत. ज्यांच्या परसात दुसरी जागाच नाही, त्यांनी निराश होऊ नये. दुसरीकडील चांगली माती व शेणखत भरलेली, तळाशी भोके पाडलेली मोठी गोणी विटांवर ठेवून तीत एक वेल लावावा. गोणी रोगट जमिनीस टेकू न देणे, हेच यातील मर्म आहे.

फुले येतात, फळ धरत नाही

वेलावर प्रथम नरफुले येतात व गळून पडतात. त्यामुळे पुष्कळ लोक घाबरून फवारणी करतात. ही गळ नैसर्गिक आहे. काही दिवसांनी पाकळ्यांखाली बारीक फुगीर भाग असलेली फुले दिसू लागतात. फळ त्यांवरच धरते. खरबुजाच्या अनेक वाणांत या फुलांत पुंकेसरही असतात. तरीपण पराग जड व चिकट असल्याने मधमाशीवाचून तो आपोआप योग्य जागी पोहोचत नाही. अपुऱ्या परागसिंचनाने फळ पिवळे पडून गळते किंवा एका अंगाने खुरटते.

फूल सकाळी उमलते व त्याच दिवशी मिटते. म्हणून सकाळच्या वेळी बागेत कोणतेही कीटकनाशक फवारू नये. मधमाश्या कमी असल्यास सकाळी दहाच्या आत नुकतेच उमललेले नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग फळफुलाच्या मधल्या भागास हलकेच लावावा. एका नरफुलाने दोन-तीन फुलांचे काम होते. हे काम घरातील मुले आनंदाने करतात. दर वेलावर दोन-तीन चांगली फळे धरली की पुरे. बाकीची कोवळी असतानाच काढावीत.

किडी व रोग

*फळमाशी :* ही माशी कोवळ्या फळास भोक पाडून आत अंडी घालते. वरून फळ चांगले दिसते, आत अळ्या असतात. फळ लिंबाएवढे होताच त्यावर कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधावी. बागेत क्यू ल्युअरचा कामगंध सापळा टांगावा. आंब्याच्या माशीसाठी मिळणारा मिथाईल युजेनॉलचा सापळा या माशीस उपयोगी नाही. खरेदी करताना हे आवर्जून पाहावे. किडलेली फळे उकिरड्यावर न टाकता बंद प्लास्टिक पिशवीत भरून उन्हात ठेवावीत. हंगाम संपल्यावर आळी खणून माती उन्हात उघडी करावी, म्हणजे जमिनीतील कोष मरतात.

*मावा, पांढरी माशी व फुलकिडे :* या किडी रस शोषतात व विषाणुरोग पसरवितात. पाने आखडून पिवळी-हिरवी चट्टेदार झालेला वेल सुधारत नाही. तो तत्काळ उपटावा. किडी दिसताच निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळीगराची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, त्यात साबणाचे थोडे पाणी मिसळावे व सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे.

*भुरी :* पानांवर पिठासारखे पांढरे डाग पडतात. हा रोग कोरड्या हवेतही फैलावतो. पहिली रोगट पाने काढावीत व एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी यांचे मिश्रण दर आठवड्यास फवारावे. द्राक्षाच्या बागेतील गंधक घरी शिल्लक असले, तरी ते खरबुजावर मारू नये. उन्हाळ्याच्या तापात गंधकाने याची पाने करपतात.

*केवडा :* पानाच्या वरच्या बाजूस शिरांनी बांधलेले पिवळे कोनाकृती डाग व खालच्या बाजूस राखाडी-जांभळट बुरशी दिसते. पाने ओली राहिल्याने हा रोग वाढतो. म्हणून पाणी पानांवर न शिंपडता आळ्यातच द्यावे व वेलांत हवा खेळती ठेवावी.

विषारी औषधांविषयी इशारा

परसबाग ही घराचाच भाग असते. तेथे मुले खेळतात, कोंबड्या चरतात व फळ वेलावरून तोडून तसेच खाल्ले जाते. शेतातील कापसासाठी किंवा भाजीपाल्यासाठी आणलेले उरलेले औषध येथे वापरणे अत्यंत धोक्याचे आहे. एके काळी तांबड्या भुंगेऱ्यांवर बी.एच.सी. भुकटी धुरळण्याची शिफारस केली जात असे. तिच्यावर १९९७ मध्ये व कार्बारिलवर २०१८ मध्ये देशात बंदी आली. तरीही जुन्या घरांच्या माळ्यावर अशा भुकटीचे डबे सापडू शकतात. ते कोणीही उघडू अथवा वापरू नयेत. ज्या डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण आहे, ते औषध परसबागेत आणूच नये. ओळखू न येणारी, बिननावाची भुकटी राख समजून वेलावर टाकू नये.

पाणी व काढणी

फळ पोसताना पाण्याच्या पाळ्या नियमित असाव्यात. माती पूर्ण वाळू देऊन मग एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. फळे पक्व होऊ लागताच पाणी कमी करावे, गोडी वाढते.

खरबुजात पिष्टाचा साठा नसल्याने तोडल्यानंतर फळ मऊ होते, सुवास वाढतो, परंतु गोडी वाढत नाही. म्हणून काढणीची घाई करू नये. जाळीदार खरबूज पिकल्यावर देठाभोवती चीर पडते, सुवास सुटतो व हलका अंगठा लावताच फळ देठापासून सुटते. पिकल्यावर देठ न सोडणाऱ्या वाणांत सालीचा बदललेला रंग व सुवास यांवरून परीक्षा करावी. साधारणतः लागवडीपासून तीन महिन्यांच्या आत फळे मिळू लागतात.

कार्यकर्त्यांसाठी

१. प्रत्येक गावात एका घरी चार आळ्यांचे प्रात्यक्षिक घ्यावे. शक्यतो ते गृहिणीच्या हाती द्यावे, कारण वेलाकडे रोज पाहणारी तीच असते.

२. पहिली भेट लागवडीच्या दिवशी, दुसरी भुंगेऱ्यांच्या वेळी, तिसरी फुलोऱ्यात व चौथी फळे पिशवीत बांधताना द्यावी.

३. मान टाकलेला वेल दिसल्यास औषधाचे नाव सांगण्यापूर्वी मातीत बोट घालून दाखवावे. एका घरी दाखविलेली ही परीक्षा शेजारच्या दहा घरी आपोआप पोहोचते.

४. मेलेला वेल ही लपविण्याची गोष्ट नाही. तो सर्वांसमक्ष उकरावा, खोड कापून शिरा दाखवाव्यात व कारण पटवून द्यावे. पुढील वर्षी कोणत्या जागी खरबूज लावावयाचे नाही, हे त्या घरास कळले, तर त्या वर्षीचे नुकसान अगदीच वाया गेले असे म्हणता येणार नाही.

परसबागेतील खरबुजास फार खर्च लागत नाही. सकाळ-संध्याकाळ वेलाजवळ घटकाभर थांबून तो काय सांगतो ते पाहण्याची सवय मात्र लागते. ही सवय ज्या घरास लागली, त्या घरचा दुधी, दोडका व काकडीचा मांडवही निरोगी राहतो.